पारबताची रताळी

१९५८ सालचा जानेवारी, संक्रांतीनंतरचा रविवार. पहिल्या वरंब्यातून निघालेली रताळी साडेनऊ शेर. हजर माणसं चार : माझे यजमान, माझ्या सासूबाई, सहा वर्षांची सुमन आणि मी. पांढरकवड्याच्या त्या घरात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. जिनं ती रताळी लावली, ती मात्र हजर नव्हती. आषाढात वेल लावून भादव्यात ती तापानं गेली. तिचं नाव पारबता. माझ्या यजमानांची पहिली बायको, सुमनची आई.

रताळी मी स्वतः तोलली, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नको. तागडीही माझीच होती. मीसुद्धा दुसरेपणाचीच. माझ्या पहिल्या घरी वस्तीतलं छोटं किराण्याचं दुकान होतं. पहिला नवरा गेला, दुकान दिरांकडे गेलं, आणि मी तेवढी तागडी घेऊन माहेरी परतले. पुन्हा लग्न झालं तेव्हा ट्रंकेत तीन लुगडी होती आणि तळाला तागडी. या घरी आल्यावर मी ती चुलीजवळच्या खुंटीला अडकवली. कोणी काही बोललं नाही.

आता माझी चाळिशी उलटली आहे. तरी पौषात सकाळी परसात गेलं, की वाळत आलेल्या वेलांचा तो हिरवट, किंचित कडू वास येतो आणि माझं मन त्या एका हिवाळ्यात जाऊन बसतं. नाल्याकडून थंडी येते ती जमिनीलगत येते, आधी पायाला लागते आणि मग अंगावर चढते. कुदळीचा घाव मातीत बसला की आत काही तुटल्याचा बारीक आवाज होतो. तुटलेल्या रताळ्यातून पांढरा चीक निघतो, बोटांना चिकटतो, थोड्या वेळानं काळा पडतो आणि दोन दिवस धुतला तरी जात नाही. त्या हिवाळ्यात माझी बोटं सतत काळी होती. भाकरी थापताना मला ती दिसत आणि राग येई. दुसऱ्या बाईचं काम माझ्या नखांत अडकून बसलं आहे असं वाटे.

त्या रविवारी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चुलीतला आर बाजूला ओढून त्यात रताळी पुरली. साल करपल्याचा वास सुटला. सुमन पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. यजमानांनी पहिलं रताळं उचललं, या हातातून त्या हातात उडवत राख झटकली, मधोमध मोडलं. वाफ निघाली. एक घास खाल्ला आणि ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

“भलकशी गोड झाली यंदा,” शेवटी ते म्हणाले.

“जमिनीत राह्यली ना बापा,” आत्याबाई म्हणाल्या. “राह्यली का गोडच होते. आन् पारबताचा हातच तसा होता. तिनं दगड लावला असता तं त्यालेबी कोंब आला असता.”

सुमन म्हणाली, “माह्या मायनं मले सांगतलं होतं, कोनतं रताळं कुठं हाय थे. मले ठाऊक हाय.”

मी माझं रताळं खाल्लं. गोड होतं. इतकं गोड की नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मी नाव ठेवायलाच बसले होते.

एरवी त्या घरी रताळी कार्तिकातच निघत. एकादशीच्या आधी काढायची, उपासाला घरी ठेवायची, उरलेली गावात उपास करणाऱ्यांना विकायची, अशी जुनी रीत. छप्पन साली यजमान आणि आत्याबाई नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले, तेव्हा उपास सुटला. पुढच्याच पावसाळ्यात पारबता गेली. कार्तिक आला, गेला, आणि त्या वाफ्याला कोणाचा हात लागला नाही. एकादशी नाही म्हणून लागला नाही, की तिनं लावलेलं उपटायचं कोणाच्या जिवावर येत होतं म्हणून, हे मी कोणाला विचारलं नाही. नऊ वरंबे तसेच जमिनीत राहिले. मी आले तेव्हा घरात ती नव्हती, पण नऊ वरंबे होते.

वाफा होता नाल्याच्या बाजूला. पुराच्या गाळाची भुरकट माती वरच्या अंगाला, खाली मात्र आपली काळीच. न्हाणीचं पाणी तिकडे वळवलेलं. ती वाट पारबतानंच खणली होती आणि तिच्यात तिनं चपटे दगड असे बसवले होते, की पाणी कुठे थांबत नसे. घरात इतरत्रही तिची मापं होती. कपडे वाळत घालायची दोरी तिच्या उंचीनं बांधलेली. मी बुटकी. टाचा उचलून, लुगड्याचा बोळा वर फेकून वाळत घालावं लागे. पाट्याजवळ बसायचा दगड तिच्या सोयीचा, मला त्यावर बसलं की गुडघे दुखत. दोरी मी चौथ्या दिवशी खाली घेतली. दगड हलवला. वाफ्याचं काय करणार?

जिवंत सवत असती तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा खरोखर मनात म्हणत असे. तिच्याशी भांडता आलं असतं, भांडं आपटता आलं असतं. तिची भाजी एखाद दिवशी खारट झाली असती आणि मी गालात हसले असते. मेलेल्या बाईची भाजी कधी खारट होत नाही. मी त्या महिन्यात दोन वाफे मेथी आणि एक वाफा पालक लावला. मेथी बरी आली. दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी निबर झाली, चौथ्या दिवशी फुलावर गेली. जमिनीतली रताळी मात्र वेल वाळत गेला तसतशी गोड होत गेली. दुसरा वरंबा पहिल्यापेक्षा गोड, तिसरा दुसऱ्यापेक्षा. मी चव घेत होते, तोलत होते आणि जळत होते. तिसऱ्या वरंब्यात अकरा शेर निघाली.

आमच्याकडे पूर्वी याला एक उपाय होता. दुसरेपणाच्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक असे, चांदीचा, नखाएवढा. सणाचा घास आधी त्या टाकाला दाखवायचा, मग आपण खायचा. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं, मग नेसायचं. माझ्या मावशीच्या गळ्यात असा टाक होता. ती त्याच्याशी सरळ बोलत असे. “पाह्य वं बाई, तुहा नवरा आज पुन्हा पिऊन आला. तू सुटली, मी सापडली,” असं चूल फुंकता फुंकता म्हणायची. आम्ही पोरी हसायचो. पण मावशीचं आणि त्या पहिलीचं जमत असे. दोघींत घरातलं काय कोणाचं याची वाटणी ठरलेली होती.

धम्म घेतल्यावर आत्याबाईंनी देव्हारा आवरला. सगळे टाक एका फडक्यात बांधले आणि नदीला देऊन आल्या. त्याचं मला दुःख नव्हतं, आजही नाही. जुन्या रीतीनं माझं दुसरं लग्न म्हणजे पाट लागला असता, रात्रीचा, घरामागे, दिवा आडोशाला धरून, सवाष्णींनी तोंड फिरवलेलं. त्याऐवजी ते भर दुपारी लागलं. पांढरं लुगडं नेसून मी मांडवात उभी राहिले, त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातला, आणि समोर बसलेल्या माणसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. विधवेकडे लग्नमांडवात सरळ पाहिलं जातं हे मला त्या दिवशी कळलं. तो दिवस मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

तरीही खरं ते सांगते. टाक असता तर पारबता गुंजभर चांदीत मावली असती. टाक नव्हता, म्हणून ती नऊ वरंबे पसरून राहिली होती.

शेजारच्या काशीमावशी भिंतीवरून सगळं पाहत. त्यांचं वय झालेलं, दात गेलेले, पण जीभ शाबूत. मी चौथा वरंबा खणत होते तेव्हा म्हणाल्या, “काय व, रोज खनून राह्यली. सवत सापडली काय?”

“रताळी सापडली मावशी. पाठवू काय दोन?”

“पाठव. शिजवून पाठव, मले दात कुठं हाय. आन् आइक, तुले सांगते, माह्या येळेस असती तं तुह्या गळ्यात टाक असता. दोन घास तिले, चार तुले, हिशोब खतम. आता तुमचं सगळं उघडं. तिले कुठं ठेवशीन?”

“ठेवायची कायले? जाऊ दे ना तिले.”

“जाते थे!” काशीमावशी म्हणाल्या. “जमिनीत मुळं ठेवून कोनी जाते काय?”

त्या गमतीनं बोलल्या. मी मात्र त्या वाक्याशी दोन दिवस भांडत राहिले. आणि त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली, ती मी इतके दिवस पाहूनही पाहिली नव्हती.

यजमान सडकेवर मुकादम होते. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेचा पाच-सहा मैलांचा तुकडा त्यांच्या गँगकडे. ट्रकांनी सडक फाटे, ते खडी-डांबर घालून ती बुजवत. सांजच्याला घरी येत तेव्हा अंगाला डांबराचा वास आणि भुवयांवर धूळ. हातपाय धुवायच्या आधी ते परसात जात. मला वाटे, जात असतील असेच. एके दिवशी मी मागून गेले. ते वाफ्याजवळ उकिडवे बसले होते. शेजारी टोपल्यात राख आणि चाळलेली माती. थंडी-उन्हानं काळ्या मातीला भेगा पडतात, त्या ते एकेक करून बुजवत होते. बोटानं राख आत ढकलायची, वर माती, मग तळहातानं थापटायचं. दिवसभर सडकेच्या भेगा बुजवून आलेला माणूस घरी येऊन वाफ्याच्या भेगा बुजवत होता. माझ्या मेथीकडे तो कधी वळला नव्हता.

मी विचारलं, “रोज सांजच्याले हेच करता काय?”

“भेगा उघड्या राह्यल्या तं भुंगा शिरते,” ते मान वर न करता म्हणाले. “शिरला का रताळं कडू होते. पारबतानं सांगतलं होतं.”

“शिरू द्या भुंगा.”

आता त्यांनी मान वर केली.

“मी सांगून ठेवते,” मी म्हणाले. “होळीच्या आधी सारे वरंबे काढीन. खाऊन सपवीन. बेण्याले एकबी ठेवनार नाही. पावसाळ्यात माह्या माहेरून वेल आनीन आन् माह्या हातानं लावीन. या घरात मी जे खाईन थे मी लावलेलं खाईन.”

ते उठले. हात झटकले. चिडले नाहीत. ते चिडत नसत आणि त्याचाही मला राग येई. टोपलं उचलून ते चुलीजवळ आले, खुंटीकडे बोट केलं.

“ते तागडी कोनाची हाय?”

मी तागडीकडे पाहिलं.

“महिना झाला, थे खुंटीले हाय. सकाळी उठलो का पह्यले तेच दिसते. मी तुले कधी म्हनलं काय, उतरव म्हनून?”

मग ते न्हाणीकडे गेले. पाण्याचा आवाज आला, आणि ते पाणी पारबताच्या चपट्या दगडांवरून वाफ्याकडे वाहत गेलं.

मत्सराचा एक गुण मला तेव्हा कळला. तो फक्त एका बाजूनं पाहतो. माझ्या मनात रोज त्यांच्या पहिल्या संसाराची झडती चालली होती. माझ्या पहिल्या संसारावरून त्यांना काही वाटत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्या माणसाची तागडी मी त्यांच्या चुलीजवळ टांगली होती, आणि तिच्यात त्यांच्या मेलेल्या बायकोची रताळी तोलत होते. ऐकून कोणी हसेल. मला हसू आलं नाही. पण इतकं कळूनही जळणं कमी झालं असं नाही. उलट वाटलं, हा माणूस इतका शहाणा, इतका शांत. ही शांतीही तिनंच लावून ठेवली असेल.

मी बोलले होते तसं केलं. माघ संपेपर्यंत आठ वरंबे निघाले. उकडून, भाजून, किसून दुधात घालून, गूळ घालून, मीठ-तिखट लावून, जितक्या तऱ्हा मला येत होत्या तितक्या केल्या. काशीमावशींना मऊ करून पाठवली. यजमानांच्या गँगला एक टोपलं गेलं. शिवरातीला गावातल्या बाया मागायला आल्या, त्यांना दिली. आत्याबाई एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. एकदा फक्त इतकं बोलल्या : “सपव बाई. खानं काही वाईट नाही. तिनं खायलेच लावलं होतं.” सुमन मात्र माझ्या मागे मागे वाफ्यात येई, मी खणलं तिथे बोट दाखवी आणि म्हणे, “इथं अजून एक राह्यलं.” बहुतेक वेळा राहिलेलं असे.

नववा वरंबा मी होळीच्या चार दिवस आधी सकाळी काढला. माती गरम व्हायला लागली होती. पळसाला फुलं आली होती, नाल्यापलीकडचा उतार पेटल्यासारखा दिसे. वरंब्यात सात शेर निघाली, आणि त्याच्या खालच्या अंगाला भुंग्यानं शिरकाव केलेला, कारण त्या भांडणानंतर यजमान भेगा बुजवायला बसले नव्हते. अर्धी रताळी मी लगेच चुलीवर चढवली. अर्धी टोपल्यात ओसरीवर. त्या दिवशी मला फार हलकं वाटत होतं. जमीन मोकळी, वेल शेळीला घातलेले. आता त्या परसात तिचं काही नव्हतं.

दुपारी मोटर थांबली आणि सडकेकडून एक म्हातारी चालत आली. बारीक अंगाची, उंच. डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही. सुमन ओरडली, “आजी!” आणि धावली. ही पारबताची आई. बाभुळगावकडच्या एका खेड्यात एकटीच राहत होती. पोरगी गेल्यापासून त्या घरी आली नव्हती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या उंचीवरून दोरी कोणाच्या मापाची होती ते मला लगेच कळलं.

आत्याबाई उठून सामोऱ्या गेल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. माझ्याच घरात मी पाहुणी असल्यासारखी. म्हातारीनं डोळे पुसले, पाणी घेतलं, आणि माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू काय नवी?”

“हो.”

“चूल पेटली हाय. काय शिजून राह्यलं?”

“रताळी.”

“आन मंग. उपाशी हावो मी.”

मी ताटलीत चार उकडलेली रताळी दिली. तिनं सालीसकट खाल्लं. पहिलं संपलं, दुसरं घेतलं. मी वाट पाहत होते. आता ती म्हणेल, माझ्या पोरीच्या हातचं. आता रडेल. आणि मला पुन्हा बाजूला उभं राहावं लागेल.

“चांगलं शिजवलं,” म्हातारी म्हणाली. “मऊ, पन पानी नाही सुटलं. पारबताले हे कधी नाही जमलं. तिचं एक तं कच्चं राहे, नाही तं लगदा होये. काहून व व्याहीनबाई, खोटं सांगून राह्यली काय मी?”

आत्याबाई पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या. “आता काय सांगू? तिची भाकर म्हन्जे ढाल. आमचा सुखदेव पान्यात बुडवून खाये. पन बोलला नाही कधी.”

“थो बोलते कुठं! माह्या पोरीले माती समजे, चूल समजे नाही. किती मारलं लहानपनी. पयाली का वावरात.”

दोघी हसता हसता पुन्हा रडल्या. मी तिथेच बसले, पाय मोडून. अडीच महिने मी एका बाईशी स्पर्धा करत होते, जिची भाकरी ढालीसारखी होती. हे घरात कोणीही मला सांगितलं नव्हतं. यजमान माझी भाकरी रोज न बोलता खात. पाण्यात बुडवत नव्हते, एवढंच.

मग म्हातारी कामाच्या गोष्टीवर आली. ती नुसती नातीला भेटायला आली नव्हती.

“बेनं पाह्यजे मले,” ती म्हणाली. “माह्या वावरातलं सारं डुकरानं खाल्लं, मुळासकट. हे लाल सालीचं बेनं माह्या सासूपासून घरात होतं. पारबता लगनाले निघाली तवा मीच तिच्या पदरात बांधलं. आता जे हाय थे इथंच हाय.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीवरचं टोपलं ओढून पुढे ठेवलं. म्हातारीनं एकेक रताळं उचललं, उन्हाकडे धरलं, अंगठ्यानं दाबलं, भोक दिसलं की बाजूला टाकलं. भुंग्यानं नासलेल्यांचा ढीग वाढत गेला. शेवटी बेण्याजोगी उरली अकरा. पांढरकवडा आणि बाभुळगाव मिळून त्या बेण्याची अकरा रताळी.

“तुले ठेवाची काय?” तिनं मला विचारलं.

सकाळपर्यंत माझं उत्तर तयार होतं. सगळी न्या, एकही ठेवू नका. हेच मला हवं होतं. याहून बरी संधी कोणती? आणि म्हातारी ती अकरा रताळी पदरात ओढायला लागली तेव्हा माझ्यात पुन्हा तोच जुना मत्सर उठला. तोच, पण उलट्या बाजूनं. दीड महिना मी ती खणली होती, तोलली होती, माझी बोटं त्यांच्या चिकानं काळी झाली होती. कोणत्या वरंब्यात किती निघाली ते या घरात फक्त मला ठाऊक होतं. ही कोण आली उचलून न्यायला? ती रताळ्यांची पहिली मालकीण होती, हे मला कळत होतं. मत्सराला ते कळत नव्हतं.

“सहा मी ठेवते,” मी म्हणाले. “पाच तुमी घ्या.”

“पोरी, तू तं सपवून राह्यली होती म्हन्तात,” म्हातारी म्हणाली. मी रताळी आणायला आत गेले तेव्हा आत्याबाईंनी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

“होती. आता ठेवते.”

“लावता येते?”

“नाही.”

“चाल मंग.”

उन्हं कलल्यावर आम्ही दोघी परसात गेलो. रिकाम्या वाफ्याच्या वरच्या अंगाला, गाळाच्या मातीत, तिनं मला कुदळ मारायला लावली आणि स्वतः काठावर बसून बोलत राहिली. रताळं उभं नाही लावायचं, आडवं निजवायचं, लेकरू निजवल्यासारखं. वर चार बोटं माती, जास्त नाही. शेणकाल्याचं पाणी एकदा, मग साधं, पण चिखल करायचा नाही. कोंब वीतभर झाले की खुडायचे नाहीत, वाढू द्यायचे. आषाढात त्याच वेलाचे तुकडे करून वरंब्यावर. मी एकेक रताळं निजवलं. सहाव्यावर माती ओढताना यजमान सडकेवरून आले. दारात उभे राहिले, सासूला नमस्कार केला, वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि राखेचं टोपलं आणायला आत गेले.

ती रताळी उगवली. आज दहा-बारा वर्षं दर आषाढात मी ते वेल लावते. सुमन शिकायला यवतमाळला वसतिगृहात आहे. सुट्टीत आली की आधी परसात जाते. अजूनही पहिलं रताळं भाजलं की यजमान एक घास खाऊन थोडा वेळ गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात मी नसते, हे मला ठाऊक आहे, आणि अजूनही ते मला डाचतं. इतक्या वर्षांत ते डाचणं शेरभरानंही कमी झालेलं नाही. मात्र आता मी उठून जात नाही. ते गप्प असतात तेवढा वेळ मी माझं रताळं सोलते.

त्या वर्षी, रताळी निजवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी जायला निघाली. पाच रताळी तिनं ओल्या फडक्यात बांधली. मग गाठोड्यातून एक पिशवी काढली आणि मला म्हणाली, “पदर धर.”

“हे काय?” आत्याबाई मध्ये पडल्या. “व्याहीनबाई, पोरीच्या घरातून बेनं नेता, त्याचं मोल देते काय कोनी?”

“फुकटाचं बेनं लागत नाही, तुमाले ठाऊक हाय,” म्हातारी म्हणाली. “आन् पोरीच्या घरातून कुठं नेऊन राह्यली मी? इच्याकडून नेऊन राह्यली.”

मी पदर धरला. पायलीभर ज्वारी होती, जुनी, निवडलेली. दिली पारबताच्या आईनं. घेतली मी.